पयले तू काढ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात खाट टाकून आमच्या घरावरून जाणाऱ्या तारेकडे बघत पडलो होतो. तार जरा जास्तच लोंबत होती. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी मान वर करून चालायची खोड गेलेली नाही. त्यापायी कितीदा शेणात पाय पडला आहे आणि एकदा तर जावयाच्या उभ्या मोटारसायकलला जाऊन धडकलो आहे. संपादक म्हणाले, "यंदाच्या दिवाळी अंकात ऊर्जेवर विभाग करतोय. देशाचा आणि जगाचा वीजवापर, त्याचा पर्यावरणावर पडणारा बोजा. तुमचा लेख हवा."

मी म्हटलं, "साहेब, मी वायरमन होतो. जगाच्या खांबावर मी कधी चढलो नाही."

"मग तुमच्या खांबाचं लिहा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तर हे माझ्या खांबाचं. आकडे मात्र मागू नका. आमच्या धंद्यात आकडा म्हणजे वेगळीच गोष्ट. बांबूच्या टोकाला तार वाकवून ती चोरून लाईनवर टाकतात, तो आकडा. तसले मी नोकरीत इतके काढले की ते सगळे इथे द्यायचे म्हटले तर अंकाला ट्रॉली लावावी लागेल.

आणि हो, आमच्याकडे विजेला वीज म्हणत नाहीत. वीज पावसाळ्यात पडते, ढोरं मारते. तारेतून येते ती लाईन. लाईन आली, लाईन गेली, लाईन झटके मारून राह्यली. तिला घेऊन फिरणारा तो लाईनवाला. माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या वेळी एवढंच विचारलं होतं, "पोरगा लाईनवर हाये ना?" त्यांच्या मते बाकी चौकशीची गरज नव्हती.

दुसरा शब्द डीपी. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दोन खांबांच्या मधे बसवलेला तेलाचा डबा. मोठ्या लाईनचा जोर कमी करून तो शेतातल्या मोटरींना आणि घरांना झेपेल इतकाच पुढे सोडतो. सरकारी कागदावर त्याला रोहित्र म्हणतात, पण रोहित्र बिघडल्याचा फोन मला जन्मात कोणी केला नाही. जळते ती डीपी. या शब्दाने आमच्या मॅडमना चांगलंच छळलं होतं.

मॅडम म्हणजे माझ्या नोकरीतल्या शेवटच्या इंजिनिअर. पुण्याकडून आलेल्या, कामाला एकदम चोख. त्या रुजू झाल्या त्याच दिवशी कोणीतरी त्यांचा नंबर एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतला. पहिलाच मेसेज आला, "म्याडम, डीपी लय खराब हाये. लवकर बदला." मॅडमचा तिथे गॉगल घातलेला, मागे डोंगरबिंगर असलेला फोटो होता. नवं गाव आहे, लोकांना गॉगल रुचत नसेल, असा विचार करून त्यांनी साडीतला फोटो लावला. थोड्या वेळाने दुसरा मेसेज, "डीपी कवा बदलता? लोकं संतापून राह्यले." मॅडमनी साडीतला फोटो काढून गणपती ठेवला. मग तिसरा आला, "म्याडम, डीपीतून धूर निंघून राह्यला." तेव्हा मात्र त्या फोन हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, या लोकांना गणपतीचंही वावडं आहे का हो?"

मी हसताना खुर्चीसकट मागे गेलो. त्यांना सांगितलं तेव्हा त्याही डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि तडक गाडी काढून त्या धूर काढणाऱ्या डीपीवर गेल्या. गणपती मात्र त्यांनी बदलीपर्यंत हलवला नाही.

हे गाव वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण माझी धाकटी लेक त्याच गावात दिली आहे आणि दिवाळीत मला तिथे जेवायला जायचं आहे.

या गावात मारुतीच्या देवळापुढे खांबावर एक दिवा होता. तो दिवसाही जळायचा. भर उन्हात, बारा वाजता, आपला मन लावून जळतो आहे. त्याला बटनच नव्हतं. मला ते बघवेना, म्हणून मी एके दिवशी खांबाला बटन बसवलं, दिवा बंद केला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बोलावणं. आत बाया भरलेल्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी दळणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"तूच का तो दिवा बंद करनारा?" तिने विचारलं.

"हो आजी. दिवसा कायले पाह्यजे दिवा?"

"अरे बापा, लाईन हाये का नाई हे मंग कोनाले इचारू? सकाऊनपासून तीनदा डबा घिऊन गिरनीत जाऊन आली मी. मान मोडली ना माही!"

तेव्हा मला उलगडा झाला. तो दिवा उजेडासाठी नव्हताच. बाया घरातूनच त्याच्याकडे बघत. दिवा जळतो म्हणजे लाईन आहे, लाईन आहे म्हणजे गिरणी चालू, मग डबा उचलायचा. आठवड्याच्या आत मी स्वतः जाऊन ते बटन काढलं. शेतातही तीच तऱ्हा. प्रत्येक विहिरीवर उंच बांबूला एक बल्ब टांगलेला, घराच्या ओट्यावरून दिसेल असा. लाईन आली हे कळावं म्हणून लाईन जाळायची, हा आमच्या भागाचा शोध आहे.

मीही त्याला हसून सोडून दिलं असतं. पण त्याच सुमारास आम्हा काही वायरमनांना विदर्भातल्याच एका औष्णिक केंद्रावर प्रशिक्षणासाठी नेलं. औष्णिक म्हणजे कोळसा जाळून लाईन करतात ते. उभा जन्म मी लाईन वाटत आलो होतो, पण ती तयार होताना कधी बघितली नव्हती. कोळशाची रेल्वे एकामागे एक डबे ओतत होती आणि तो सगळा डोंगर आत जाऊन वर धूर होत होता. बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. तिथल्या कडुनिंबाची पानं राखाडी. टपरीवालीने चहाच्या ग्लासावर बशी झाकून दिली.

"बशी कायले वो ताई?"

"राख पडते ना जी चहात."

मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "तुमच्या इथं तं लाईन कधीच जात नसंन?"

ती म्हणाली, "घ्या! सकाळपासून नव्हती. आता तं आली."

सगळे हसले, मीही हसलो. पण मला तो मारुतीपुढचा दिवा आठवला. दिवा आमच्याकडे दुपारी जळत होता आणि त्याची राख या बाईच्या चहात पडत होती. परतताना गाडीत सगळे झोपले, मला काही डोळा लागला नाही. तेव्हापासून घरात कोणी पंखा चालू ठेवून उठलं की मी ओरडतो. आमची सौ म्हणते, प्रशिक्षणाला पाठवला तेव्हा बरा होता.

आता मुख्य गोष्ट. शेतीच्या लाईनला दिवसातले ठरावीक तासच पाळी मिळते. कधी पहाटे, कधी दुपारी. लाईन येण्याची वाट बघत विहिरीवर कोण बसणार? म्हणून निघाला ऑटो स्विच. एवढीशी डबी. ती मोटरच्या स्टार्टरला जोडली की लाईन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू. मालक घरी घोरत असो की वाशिमच्या बाजारात वांगी निवडत असो, मोटर आपली चालू. पिकाला पाणी पाहिजे का, हे डबीला कळत नाही. पाणी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नाल्यात जातं आणि लाईन जाईपर्यंत जातच राहतं.

त्यात मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला, नेहमी चालताना लागते त्याच्या कितीतरी पट लाईन ओढते. एकेक मोटर सुरू झाली तर डीपी सोसते. पण ऑटो स्विचमुळे सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच क्षणी उठतात. पंगतीत सगळ्यांनी एकदम वाढप्याचा हात धरावा तसं होतं. डीपी बिचारी घुं करते आणि जळते.

या गावची शिवारातली डीपी त्या हिवाळ्यात दोनदा जळाली. दोन्ही वेळा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जुनी नेली, नवी आणली, तिला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. दुसरी जळाली तेव्हा मॅडम स्वतः शिवारात फिरल्या, एकेक स्टार्टर उघडून बघितला आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, "तिसरी डीपी मिळेल. पण आधी सगळे ऑटो स्विच निघाले पाहिजेत. नाहीतर मी डीपी देणार नाही."

सगळ्यांचे डोळे दोन माणसांकडे गेले, उकंडराव आणि गुलाबराव. गावातले दोन मोठे बागायतदार. त्यांच्या विहिरी बांधाला बांध लागून, आणि दोन्हींना पाणी एकाच झऱ्याचं. जो आधी उपसेल त्याच्याकडे पाणी धावतं. शिवाय ते दोघे एकमेकांचे व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात. उकंडरावांची लेक गुलाबरावांच्या घरात सून.

"काढा ना मंग, इवाई," उकंडराव गोड आवाजात म्हणाले. "पयले तुमी काढा."

"छ्या, छ्या. तुमी मुलीवाले. तुमचा मान. पयले तुमी."

"मान राहू द्या. मी काढला अन् तुमी नाई काढला, तं माह्या हिरीचं पानी तुमच्या गव्हात."

"हेच तं मी म्हनून राह्यलो!"

याच दोघांना मी लग्नाच्या पंगतीत बघितलं होतं. तिथेही दोघे ताटासमोर उभे. पयले तुमी बसा, नाई पयले तुमी. भात निवला, पण एकही बसेना. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

हल्ली टीव्हीवर मोठमोठ्या देशांच्या सभा दाखवतात. कोळसा कमी जाळायला पाहिजे हे तिथे सगळ्यांना कबूल असतं. पण पहिले कोणी? हा म्हणतो, तू आजवर मनसोक्त जाळलास. तो म्हणतो, आता तूच जास्त जाळतोस. मला तिथे कोट घातलेले उकंडराव आणि गुलाबरावच दिसतात. संपादकसाहेब, जगाच्या वीजवापराबद्दल मला जे काही कळतं ते एवढंच.

ओसरीच्या कडेला सुमनबाई उभ्या होत्या. या दोघांच्या खालच्या अंगाला त्यांचं थोडं वावर. नवरा वाशिमला शाळेत शिपाई, शेती सगळी बाईंच्या अंगावर. त्यांनी संत्र्याची कलमं लावून, घागरींनी पाणी घालून वाढवली होती आणि त्या वर्षी झाडं पहिल्यांदाच बहारावर येणार होती. संत्र्याला बहारापूर्वी पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताण संपला की पाणी मिळालंच पाहिजे, म्हणजे फूल फुटतं. नाही मिळालं तर बहार जातो आणि उन्हाळ्यात झाडही हाती लागत नाही. बाईंचा ताण संपला होता आणि डीपी जळून पडली होती. डीपी असती तरी त्यांना फार काही मिळत नव्हतं. ऑटो स्विच त्यांच्याकडे नव्हता. लाईन आल्याचं बघून त्या शेतावर पोहोचेपर्यंत वरच्या दोन मोटरींनी झरा ओढलेला असायचा.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "या दोघायच्या मोटरी सुरू झाल्या का माह्या हिरीतले बेंडकं उघडे पडतात. माह्ये झाडं मेले तं यायच्या मानपानाचं मी काय करू?"

मी चार दिवस घरोघर फिरलो. समजावलं, हात जोडले, टपरीवालीच्या चहातली राखही सांगून झाली. आणि काय आश्चर्य, पाचव्या दिवशी गाव तयार झालं! मारुतीच्या पारावर पोतं ठेवलं. एकेकाने येऊन आपला ऑटो स्विच पोत्यात टाकला. उकंडराव आणि गुलाबराव एकमेकांचा हात धरून आले, दोघांनी एकाच क्षणी हात सोडला, पोत्यात ठक्क असा एकच आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोत्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मॅडमचं उत्तर आलं, "शाब्बास." बाजूला गणपती.

डीपी आली. हळदीकुंकू, नारळ. मी लाईन सोडायचं हँडल मारलं. माझा हात अजून हँडलवरच होता आणि साऱ्या शिवारातून एकदम घुं असा आवाज उठला. एकूण एक मोटर सुरू. शेतात चिटपाखरू नाही, सगळं गाव माझ्या भोवती उभं, आणि मोटरी चालू! डीपीचे फ्यूज फटाफट उडाले. मॅडमनी या खेपेला फ्यूज नीट मापाचे घालून घेतले होते म्हणून डीपी तेवढी वाचली.

मी पोतं पालथं केलं. आतले सगळे ऑटो स्विच जळके होते. गावाने वर्षानुवर्षं माळ्यावर साठवलेलं भंगार मला इमानदारीत आणून दिलं होतं.

"उकंडराव, हे काय?"

उकंडरावांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा लाज नव्हती. "तुमी म्हनलं ऑटो स्विच द्या. देल्ला. चालता द्या, असं कुठं म्हनलं?"

गुलाबराव म्हणाले, "अन् माह्याकडं दोन होते. दोनी द्या असंई नाई म्हनलं तुमी."

मला राग आला, असा की डोळ्यांत पाणी आलं. माझी निवृत्ती जवळ आली होती, आणि एवढी वर्षं ज्या गावच्या खांबांवर चढलो त्या गावाने मला पोतंभर भंगारावर गुंडाळलं होतं. मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं, "काका, हँडल खाली करा आणि कुलूप लावा." मी लावलं. गहू, हरभरा सगळ्यांचाच उभा होता, पण तोंडातून शब्द निघाला तर तोच. पयले त्यानं काढाव.

तेवढ्यात सुमनबाई गर्दीतून पुढे आल्या. पदर खोचलेला.

"तुमाले सोताचा काढाले होत नाई ना?" त्या म्हणाल्या. "मंग एकमेकायचा काढा!"

कोणाला काही कळेना.

"उकंडरावानं जाव गुलाबरावाच्या हिरीवर. गुलाबरावानं जाव उकंडरावाच्या. सोताचा लपवाल, पन दुसऱ्याचा तं सोडनार नाई ना तुमी?"

मी नोकरीत पुष्कळदा लाईन आलेली बघितली आहे. पण त्या क्षणी उकंडरावांच्या चेहऱ्यावर जी लाईन आली ती वेगळीच होती. गुलाबरावांनीही टोपी नीट केली. व्याह्याच्या घरात घुसून झडती घ्यायची, आणि तीही सार्वजनिक कामासाठी! असा योग जन्मात येत नाही.

अडचण फक्त निघताना झाली. "पयले माह्या हिरीवर चला इवाई." "नाई नाई, पयले माह्या." यावर दोघे पुन्हा अडून बसले. शेवटी सुमनबाई ओरडल्या, "अरे चला ना बापा, झाडं सुकून राह्यले माह्ये!" मग वरात निघाली.

गुलाबरावांनी उकंडरावांच्या स्टार्टरमधला स्विच तर काढलाच, पण शेतातल्या झोपडीत शिरून कुटारात, म्हणजे गुरांच्या भुशात, हात घातला आणि दुसरा काढला. मग खुंटीवरचा डबा उघडून तिसरा. "इवाई, भाकरीबरोबर हे तोंडी लावता का?" त्यांनी विचारलं. उकंडराव लाल झाले. पण त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी विहिरीवर वेळ घालवलाच नाही. सरळ गुलाबरावांच्या घरी गेले. तिथे त्यांची स्वतःची लेक. तिने चहा ठेवला आणि सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरत अगदी हळू आवाजात सांगितलं, "बाबा, एक देव्हाऱ्याच्या मांगं हाये. अन् एक मामंजीच्या उशीत."

मग साऱ्या गावाला चेव आला. जो तो शेजाऱ्याच्या शेतात पाना घेऊन. स्वतःचा स्विच काढायला ज्यांना पाना सापडत नव्हता ते दुसऱ्याचा काढताना वायरमनलाही मागे टाकत होते. दिवस कलायच्या आत पोतं भरलं, आणि या खेपेला त्यातला एकही जळका नव्हता. मी एकेक तपासला.

डीपी त्या हंगामात जळाली नाही. लाईन आली की माणूस घरून निघायचा. एकाचं शेत जवळ, एकाचं लांब, एक रस्त्यात तंबाखू मळत थांबायचा. माणसं चालत येत, म्हणून लोडही चालत येई. पिकाचं पोट भरलं की माणूस मोटर बंद करून घरी जाई, कारण तो तिथे असे. झऱ्याला दम घ्यायला वेळ मिळाला. सुमनबाईंची बेडकं झाकली गेली आणि झाडांवर पांढरं फूल आलं. त्यांनी मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. त्या फुलांखाली उभ्या राहिल्या आणि मी वर तारेकडे बघत राहिलो, कारण खाली बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

संपादकांना मी सुचवलं आहे की हा उपाय वर कळवता आला तर कळवा. मोठ्या देशांनी स्वतःचं काही बंद करू नये. एकमेकांचं करावं. बघा कसे पटापट कामाला लागतील.

लेख इथेच संपवला असता तर बरं झालं असतं. पण गेल्या हिवाळ्यात, संत्री उतरायच्या वेळी मी लेकीकडे गेलो होतो. सकाळी सुमनबाईंच्या वावरात गेलो. आता त्या शिवारात तारा कमी दिसतात. जिकडेतिकडे सौर पंपाच्या निळ्या पाट्या, उन्हाकडे तोंड करून उभ्या. मला खरंच आनंद झाला. कोळसा नाही, राख नाही, डीपी नाही. त्या टपरीवालीच्या चहावर आता बशी लागणार नाही, असंही मनात आलं.

मग ऊन वर आलं. आणि साऱ्या शिवारातून एकदम घुं असा आवाज उठला.

मी ओळखला तो. उकंडरावांचा पंप, गुलाबरावांचा पंप, सगळ्यांचे. शेतात कोणी नाही. बटन एकदा चालू करून ठेवलं की झालं, सूर्य उगवला की पंप उठतो आणि मावळेपर्यंत चालतो. आता तासांची पाळीही नाही. ऊन फुकट आहे, बंद कायले करायचं? इतकी खटपट करून आम्ही ऑटो स्विच काढले, आणि यांनी सूर्यालाच ऑटो स्विच केलं.

"हिरीले पानी किती हाये, सुमनबाई?" मी विचारलं.

"गेल्या साली माघातच आटली," त्या म्हणाल्या. झाडं आता डोक्याच्या वर गेली होती आणि पिवळ्याधम्मक फळांनी वाकली होती. त्यांच्याकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "यंदा उन्हाळ्यात हे जगतात का नाई, माईत नाई भाऊ."

तेवढ्यात माझं लक्ष पलीकडे गेलं. बाजूच्या हरभऱ्यातून पाणी धुरा ओलांडून सरळ नाल्यात चाललं होतं. हरभरा बाईंचा, आणि पंपही बाईंचाच होता.

"अवो, तुमचाच चालू हाये की. पानी नाल्यात चाललं."

"चालू द्या."

"बंद करा ना!"

बाईंनी एक संत्रं तोडलं, खाली बसल्या आणि सोलायला लागल्या. "पयले त्याह्यले करू द्या," त्या म्हणाल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मले समजत नाई असं नाई, भाऊ. पन मी एकटीनं बंद केला तं माह्यं पानी त्याह्यच्या हिरीत जाते."

खिशात सवयीने पाना होता, पण तो कुठे लावायचा?

"मंग पुन्हा तसंच करा," मी म्हटलं. "एकमेकायचा. तुमी तिकडे जा, त्यायले इकडे पाठवा."

त्या हसल्या. "जाते ना. आजच जाते. पन पयले हे खा." त्यांनी फोडी वेगळ्या केल्या आणि हात पुढे केला. "घ्या. तुमच्याच डीपीवरचे हायेत."

"छ्या, तुमच्या झाडाचं यंदाचं पयलं संत्रं. पयले तुमी."

"नाई भाऊ, तुमी पाव्हने. पयले तुमी."

"नाई, पयले तुमी."

फोडी तशाच हातावर राहिल्या, आणि तिकडे पंप चालूच होता.